वड्याच्या कढईतून डिझेलच्या टाकीत: बायोडिझेल म्हणजे नेमकं काय?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल यायला लागल्यापासून पंपावरची बोलणी बदलली आहेत. मायलेज पडलं का, जुन्या गाडीतले रबरी पाइप टिकतील का, असे प्रश्न २०२५ मध्ये घरोघरी निघाले. त्याच्याच मागे दुसरा प्रश्न आला: आता डिझेलचा नंबर कधी? इथेनॉल डिझेलमध्ये नीट मिसळून राहत नाही. म्हणून त्याच वर्षी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी आयसोब्युटेनॉल नावाचं दुसरं अल्कोहोल डिझेलमध्ये मिसळून पाहिलं जात असल्याचं सांगितलं. पण डिझेलमध्ये मिसळण्यासाठी तेल-चरबीपासून केलेलं एक इंधन आधीपासूनच आहे. त्याला नियम आहेत, मानक आहे, कारखाने आहेत. ते म्हणजे बायोडिझेल. खाद्यतेल, अखाद्य तेल, तळून झालेलं तेल, प्राण्यांची चरबी, यांतल्या कशापासूनही ते करता येतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. बायोडिझेलकडे फक्त इंधन म्हणून पाहिलं तर ते फार मोठं काही करणार नाही. पण मुंबईसारख्या शहरात, जिथे सकाळी सहापासून रात्री बारापर्यंत कुठे ना कुठे कढई तापलेली असते, तिथे त्याचा खरा उपयोग टाकीपेक्षा पोटाला जास्त आहे. हे असं का, ते समजायला थोडं रसायन आणि थोडं गणित लागेल.

डिझेल इंजिनाला तेल चालतं, मग सरळ ओतत का नाहीत?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी टाकणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात तो नसतो. तिथे सिलिंडरमधली हवा सोळा-अठरा पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती भयंकर तापते आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेटतो. म्हणजे या इंजिनाच्या दोनच अटी आहेत: इंधन गरम हवेत स्वतःहून पेटलं पाहिजे आणि त्याचा फवारा बारीक पडला पाहिजे.

पहिली अट वनस्पती तेल सहज पुरी करतं. १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आफ्रिकेतल्या वसाहतींमध्ये तिथल्याच तेलावर यंत्रं चालावीत, अशी फ्रेंच सरकारची त्यामागची इच्छा होती. रुडॉल्फ डिझेल यांनीच हा प्रसंग पुढे नोंदवून ठेवला आहे.

अडचण दुसऱ्या अटीची आहे. आपलं नेहमीचं तेल डिझेलच्या साधारण दहा पट दाट असतं. १९०० सालच्या ढोबळ इंजिनाला ते खपून गेलं. आजच्या इंजिनातला पंप इंधन हजारो पट हवेच्या दाबाने ढकलतो आणि इंजेक्टरची भोकं केसाएवढी बारीक असतात. तिथून दाट तेलाचा फवारा पडत नाही, थेंब पडतात. थेंब पुरते जळत नाहीत, अर्धवट जळलेलं तेल इंजेक्टरच्या तोंडावर आणि पिस्टनच्या रिंगांवर काजळीसारखं बसतं, उरलेलं खाली उतरून इंजिन ऑइल घट्ट करतं. गाडी पहिल्या दिवशी छान चालते, म्हणूनच 'तळणाचं तेल टाका, पैसे वाचवा' असे व्हिडिओ पटतात. इंजिन बसतं ते काही महिन्यांनी, आणि तो व्हिडिओ कोणी काढत नाही.

म्हणजे तेल इंजिनात घालायचं तर आधी त्याचा दाटपणा उतरवला पाहिजे. बायोडिझेल म्हणजे दाटपणा उतरवलेलं तेल.

दाट तेल पातळ होतं कसं

तेलाचा प्रत्येक कण चार भागांचा असतो. एक छोटा ग्लिसरीनचा तुकडा आणि त्याला चिकटलेल्या तीन लांबच लांब साखळ्या. या साखळ्यांना मेदाम्लं म्हणतात. दादरच्या जिन्यावर संध्याकाळच्या गर्दीत एखादी आई तीन पोरांचे हात धरून उतरत असेल तर कशी अडकत अडकत जाते, ते आठवा. कोणी सुटत नाही म्हणून कोणीच पुढे सरकत नाही. अशा वेळी तीन मावश्या आल्या आणि एकेकीने एकेक पोर उचललं, तर तिन्ही जोड्या भराभर निघून जातात आणि मोकळी झालेली आई वेगळी चालत येते.

इथे आई म्हणजे ग्लिसरीन, पोरं म्हणजे मेदाम्लांच्या साखळ्या आणि मावश्या म्हणजे मिथेनॉल हे सगळ्यांत छोटं अल्कोहोल. पोरांचे हात सोडवायला कोणीतरी लागतं. ते काम कॉस्टिक सोडा किंवा कॉस्टिक पोटॅश करतं. त्याला उत्प्रेरक म्हणतात: तो क्रिया घडवून आणतो, पण तयार मालाचा भाग होत नाही. तेल साधारण ६० अंशांपर्यंत तापवायचं, त्यात मिथेनॉल आणि उत्प्रेरक घालून ढवळत ठेवायचं. मिथेनॉल ६५ अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून त्याहून वर जायचं नाही. ढवळणं थांबवलं की थोड्या वेळाने दोन थर दिसतात. वर पिवळसर पातळ बायोडिझेल, खाली गडद जड ग्लिसरीन.

हिशेब लक्षात ठेवायला सोपा आहे. १०० किलो तेल आणि साधारण ११ किलो मिथेनॉल दिलं की जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि ११ किलोच्या आसपास ग्लिसरीन मिळतं. प्रत्यक्षात क्रिया पुरी व्हावी म्हणून मिथेनॉल दुप्पट घालतात आणि उरलेलं उडवून, थंड करून परत वापरतात. ग्लिसरीन शुद्ध केलं की साबण, औषधं, सौंदर्यप्रसाधनं यांच्या कारखान्यांत जातं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. बायोडिझेल 'शंभर टक्के वनस्पतीचं' असतं असं म्हणतात, ते पूर्ण खरं नाही. मिथेनॉल बहुतेक वेळा नैसर्गिक वायूपासून केलेलं असतं. तयार कणात साधारण १९ कार्बन अणू असतात, त्यातला एक मिथेनॉलचा. म्हणजे पाचेक टक्के कार्बन जमिनीखालून आलेला असतो. बाकीचा कार्बन रोपाने हवेतूनच घेतलेला असतो, म्हणून तो जळून परत हवेत गेला तरी नवी भर पडत नाही. अर्थात शेतातलं खत, ट्रॅक्टर, वाहतूक यांचा धूर वेगळा मोजावा लागतो. वापरून टाकलेल्या तेलाला हा जास्तीचा भार जवळपास नसतो, कारण ते एकदा खाण्यासाठी पिकवलेलं असतंच.

तळलेलं तेल आणि ताजं तेल एकच नव्हे

बाटलीतलं ताजं तेल घेतलं तर वरची कृती सरळ होते. कढईतलं तेल घेतलं की खरं काम सुरू होतं.

बटाटेवडा तेलात पडला की जो सुर्र आवाज येतो, तो पाण्याचा. ओल्या पिठातलं, बटाट्यातलं पाणी तेलात जातं. उष्णता आणि पाणी मिळून काही कणांमधल्या साखळ्या आधीच तोडतात. या सुट्या साखळ्या म्हणजे मुक्त मेदाम्लं. त्याशिवाय तळाशी बेसनाचा चुरा, मीठ, हळद, मसाला. आणि वारंवार तापल्यामुळे काही कण एकमेकांना चिकटून आणखी मोठे झालेले असतात, म्हणून जुनं तेल फेसाळतं आणि हाताला चिकट लागतं.

मुक्त मेदाम्लं ही कारखानदाराची मुख्य डोकेदुखी. कॉस्टिक सोडा आणि मुक्त मेदाम्ल एकत्र आलं की साबण होतो, म्हणजे इंधन करायला गेलो आणि भांड्यात साबणाचा लगदा उरला. तेलात ती एक-दोन टक्क्यांच्या वर गेली की सरळ कृती चालत नाही. मग आधी सल्फ्युरिक आम्ल आणि मिथेनॉल वापरून त्या सुट्या साखळ्यांना मिथेनॉल जोडून घ्यावं लागतं, आणि त्यानंतर नेहमीची कृती. त्याच्याही आधी गाळणं आणि तापवून पाणी उडवणं. शेवटी तयार मालातून साबणाचे, ग्लिसरीनचे, मिथेनॉलचे अंश धुऊन किंवा ऊर्ध्वपातन करून काढणं. भारतीय मानक ब्यूरोचं बायोडिझेलसाठी वेगळं मानक आहे, आयएस १५६०७. त्यात पाण्यापासून ग्लिसरीनपर्यंत प्रत्येक अंशाची मर्यादा घालून दिली आहे. तपासणीत बसलं तरच ते बायोडिझेल.

चरबीचंही असंच. देवनारसारख्या कत्तलखान्यात निघणारी चरबी रसायनाच्या दृष्टीने तेलाची सख्खी बहीण आहे. फरक एवढाच की तिच्यापासून केलेलं बायोडिझेल थंडीत लवकर गढुळतं आणि थिजतं. पामतेलाचंही तसंच होतं, १५ अंशांच्या आसपास ते धुरकट दिसायला लागतं. मुंबईत याचा त्रास क्वचितच, पण जानेवारीत पहाटे नाशिक ओलांडणाऱ्या ट्रकच्या टाकीत शुद्ध पामतेलाचं बायोडिझेल असलं तर फिल्टर तुंबू शकतो. थोड्या प्रमाणात डिझेलमध्ये मिसळलं की ही भीती राहत नाही.

मग हे घरी करून पाहावं का?

नाही. इथे मी अजिबात गुळमुळीत बोलणार नाही.

कृती वाचायला सोपी वाटते, इंटरनेटवर बादलीत करून दाखवणारेही आहेत. पण मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली, त्या दारूत हेच मिथेनॉल होतं. थोडंसं पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. त्याची वाफ श्वासातून आणि द्रव त्वचेतूनही शरीरात जातो. ते पेटलं तर दिवसाउजेडी ज्वाळा नीट दिसत नाही, त्यामुळे आग लागलेली कळायला उशीर होतो. त्याच्या जोडीला कॉस्टिक सोडा आणि ६० अंश तापलेलं तेल. चाळीच्या गॅलरीत किंवा गॅरेजमध्ये करण्याचा हा उद्योग नव्हे. आणि इतकं करून हाती येणारं द्रव्य मानकात बसलं की नाही हे घरी कळत नाही. बसलं नसेल तर ते इंजिन खराब करतं, म्हणजे ज्यासाठी जीव धोक्यात घातला तेही साधत नाही.

इंजिनाचं काय होतं?

सर्वांत आधी मायलेज. एक लिटर बायोडिझेलमध्ये एक लिटर डिझेलपेक्षा साधारण ८ टक्के ऊर्जा कमी असते. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल चालतं. सातातले आठ टक्के म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. टायरमधली हवा थोडी कमी असली तरी याहून जास्त फरक पडतो. २० टक्के मिश्रणात तूट दीड टक्क्याच्या घरात जाते. म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलशी याची तुलना होत नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांश कमी असते, म्हणून तिथे फरक जाणवतो.

काही बाबतींत बायोडिझेल उलट चांगलं आहे. ते पेटायला तयार असतं, त्यात गंधक जवळपास नसतं आणि ते पंपाच्या हलत्या भागांना वंगण देतं. गंधक काढलेल्या आजच्या डिझेलचा वंगणाचा गुण कमी झालेला असतो, तो थोड्या बायोडिझेलने भरून निघतो. ते शंभर अंशांच्या खाली सहसा पेट घेत नाही, म्हणून साठवायला डिझेलपेक्षा सुरक्षित आहे. ससून डॉकवरून निघणाऱ्या मच्छीमार बोटीतून ते समुद्रात सांडलं तर डिझेलपेक्षा लवकर कुजून जातं.

धुराबद्दल अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २००२ मध्ये जड वाहनांवरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या होत्या. २० टक्के मिश्रणाने धुरातले कण सुमारे १० टक्के, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के आणि न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्के घटले. नायट्रोजनचे ऑक्साइड मात्र २ टक्के वाढले. याचं कारण बायोडिझेलमध्ये वजनाने ११ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन असतो, त्यामुळे ज्वलन जास्त पूर्ण होतं. हे आकडे जुन्या इंजिनांचे आहेत. बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांत बसणाऱ्या, गाड्यांमध्ये धूर गाळणारी यंत्रणा आधीच असते, तिथे हा फायदा फारसा उरत नाही. जुना जनरेटर, जुनी बोट, बांधकामावरचं यंत्र, तिथे तो खरा.

आता तोटे. बायोडिझेल टाकीत वर्षानुवर्षं साठलेला गाळ सोडवतं, म्हणून जुन्या गाडीत पहिल्यांदा जास्त प्रमाणात घातलं तर फिल्टर तुंबतो. तो बदलला की प्रश्न मिटतो. काही जुन्या प्रकारची रबरं फुगतात किंवा मऊ पडतात. पाण्याबद्दल मात्र मुंबईकराने सावध राहायलाच हवं. बायोडिझेल डिझेलपेक्षा कितीतरी जास्त ओलावा धरून ठेवतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अर्धवट भरलेली टाकी महिनोन्‌महिने उभी राहिली तर आत पाणी साठतं, त्यात जंतू वाढतात आणि बुळबुळीत थर जमतो. हवेशी संयोग होऊन बायोडिझेल शिळंही होतं. सोसायटीचा जनरेटर वर्षातून चारदा चालत असेल तर त्यात जास्त बायोडिझेल ठेवू नये. रोज धावणाऱ्या ट्रकला ही काळजी नाही.

७ टक्क्यांची मर्यादा का, यालाही कारण आहे. बीएस-६ गाडीतला काजळीचा गाळणीपेटारा स्वतःला स्वच्छ करतो तेव्हा काही गाड्यांत सिलिंडरमध्ये थोडं जास्तीचं इंधन उशिरा फवारलं जातं. डिझेल वाफ होऊन निघून जातं. बायोडिझेल सहज वाफ होत नाही, ते सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. म्हणून आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलं असेल त्याहून जास्त प्रमाण घालू नये. वॉरंटी गेली तर कोणी भरून देणार नाही.

शेतात पिकवून का करत नाहीत?

करून पाहिलं. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची देशभर लागवड करण्याची शिफारस केली, त्याचं नाव सगळीकडे जट्रोफा म्हणून गाजलं. पडीक जमिनीत, पाण्याशिवाय, जनावरं तोंड लावणार नाहीत असं हे झुडूप तेल देणार, असं सांगितलं गेलं. २००९ च्या जैवइंधन धोरणात तर २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. झुडूप पडीक जमिनीत जगलं हे खरं, पण जगणं वेगळं आणि भरघोस बी देणं वेगळं. पाणी आणि खत न देता उत्पन्न फारच कमी आलं. पाणी-खत द्यायचं तर शेतकरी कापूस-सोयाबीन सोडून हे का लावेल? बियाला खात्रीचं गिऱ्हाईक नाही, पेंड विषारी म्हणून जनावरांनाही घालता येत नाही. २०१८ च्या नव्या धोरणाने लक्ष्य २०३० पर्यंत ५ टक्क्यांवर आणलं. आजही आपण १ टक्क्याच्या आत आहोत. करंजाचं झाड आपल्याकडचं, जुनं, रस्त्याकडेला उभं असतं आणि त्याच्या तेलाचंही बायोडिझेल होतं, पण झाडाखालून बी गोळा करून देशाची टाकी भरत नाही.

खाद्यतेलाचा तर विचारही करू नये. भारत आपल्या गरजेतलं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. आयात केलेलं पामतेल इंजिनात जाळणं म्हणजे कच्च्या तेलाची आयात वाचवून खाद्यतेलाची वाढवणं. इंडोनेशियाचं गणित वेगळं आहे. तिथे पाम पिकतो, आणि २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पाम बायोडिझेल सक्तीचं आहे. पण त्याची किंमत तिथल्या जंगलांनी मोजली आहे, आणि थोडी आपल्या स्वयंपाकघरांनीही. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली, तेव्हा इथे फरसाणवाल्यापासून बिस्किटवाल्यापर्यंत सगळे धास्तावले होते. पाम जितका इंजिनांत जाईल तितका ताटासाठी कमी उरेल.

तळणाचं तेल पुरेल का?

देशाचं इंधन म्हणून नाही पुरणार. २०१९ मध्ये केंद्र सरकारने अंदाज दिला होता: देशात वर्षाला सुमारे २,७०० कोटी लिटर खाद्यतेल वापरलं जातं. त्यातलं हॉटेलं, उपाहारगृहं, कँटीन अशा मोठ्या वापरकर्त्यांकडून १४० कोटी लिटर वापरलेलं तेल गोळा होऊ शकतं आणि त्यापासून ११० कोटी लिटर बायोडिझेल बनेल. दुसऱ्या बाजूला देश वर्षाला साधारण ९ कोटी टन डिझेल जाळतो, म्हणजे १०,८०० कोटी लिटरच्या आसपास. भागाकार केला की उत्तर १ टक्का येतं. सगळं तेल गोळा झालं, एक थेंब वाया गेला नाही, तरी एक टक्का. पाच टक्क्यांचं लक्ष्य गाठायला ५४० कोटी लिटर लागेल.

हा आकडा पाहून कोणी म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला? माझ्या मते इथेच प्रश्न चुकीच्या टोकाने धरला जातो. हे १४० कोटी लिटर तेल इंजिनात गेलं नाही तर कुठे जातं, ते विचारायला हवं.

कढईतून पुढे कुठे?

मोठ्या स्वयंपाकघरातलं काळपट तेल फेकलं जातं असं आपल्याला वाटतं. बरेचदा ते विकलं जातं. ताज्या तेलाचा डबा न परवडणारा छोटा गाडीवाला ते स्वस्तात घेतो, त्यात नवं तेल मिसळतो आणि पुन्हा कढई चढवतो. ज्याच्या दिवसाच्या मिळकतीतला मोठा वाटा तेलावर जातो, त्याला एकट्याला दोष देऊन काही साधत नाही. पण ते तेल शेवटी कोणाच्या पोटात जातं? त्या गाडीवर दुपारचं जेवण भागवणाऱ्या हमालाच्या, डिलिव्हरीवाल्या पोराच्या, कॉलेजातल्या मुलीच्या. स्वस्त खाणाराच सगळ्यांत वाईट तेल खातो.

तेल वारंवार तापवल्यावर तयार होणाऱ्या खराब घटकांना एकत्रितपणे ध्रुवीय संयुगं म्हणतात. उच्च रक्तदाब, धमन्या कडक होणं, यकृताचे विकार यांच्याशी अशा तेलाचा संबंध जोडला गेला आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १ जुलै २०१८ पासून नियम आहे: ही संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही. हे मोजायला थर्मामीटरसारखं हातात धरायचं उपकरण मिळतं, तेलात बुडवलं की आकडा दिसतो. पुढे १ मार्च २०१९ पासून, तळणासाठी दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्या प्रत्येक व्यावसायिकाने तेलाची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संस्थेलाच द्यायचं, असं ठरलं. याच योजनेचं नाव 'रुको'. हे तेल आपण परत खाण्यात जाऊ देत नाही, असं सांगणारं स्टिकर काही हॉटेलांच्या काचेवर दिसतं.

बायोडिझेलचं महत्त्व इथे आहे. नुसत्या बंदीने तेल थांबत नाही, कारण त्याला किंमत आहे. बंदी घातली की विक्री लपून होते. पण अन्नाच्या बाहेरचा एखादा गिऱ्हाईक गाडीवाल्यापेक्षा दोन रुपये जास्त द्यायला उभा राहिला, तर तेल आपोआप तिकडे वळतं. बायोडिझेलचा कारखाना हा असा गिऱ्हाईक आहे. म्हणून देशाच्या एकूण डिझेलमधला एक टक्का मला लहान वाटत नाही. तो एक टक्का म्हणजे पोटात न गेलेलं तेल आहे.

आणि गटारातही न गेलेलं. सिंकमध्ये ओतलेलं तेल पाइपात थिजतं, कचरा धरून ठेवतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात गल्लीत पाणी तुंबायला हातभार लावतं.

मग अडलंय कुठे?

पैशात अडलंय. १० ऑगस्ट २०१९ ला, जागतिक जैवइंधन दिनी, सरकारी तेल कंपन्यांनी शंभर शहरांत वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल विकत घेण्याची योजना जाहीर केली. पहिल्या वर्षी ५१ रुपये लिटर, दुसऱ्या वर्षी ५२ रुपये ७० पैसे, तिसऱ्या वर्षी ५४ रुपये ५० पैसे असे दर ठरले. त्यानंतर खाद्यतेलाचे भाव भडकले आणि त्यांच्यासोबत वापरलेल्या तेलाचेही. कच्चा माल महाग आणि तयार मालाचा दर बांधलेला, अशा गणितात कारखाना चालत नाही.

दुसरी अडचण गोळा करण्याची. पंचतारांकित हॉटेलातून एका फेरीत ड्रम भरतो. वडापावच्या गाडीकडून दिवसाला जेमतेम दोन-तीन लिटर निघेल, आणि अशा गाड्या गल्लीगल्लीत. टेम्पो फिरवण्याचा खर्चच तेलाच्या किमतीला गाठतो. खरा धोका मात्र याच छोट्या कढयांमध्ये आहे. ५० लिटरचा नियम त्यांना लागू होत नाही. इथे महापालिकेने वॉर्डनिहाय संकलन केंद्रं उघडावीत, जुन्या तेलाच्या बदल्यात ताज्या तेलावर सवलत द्यावी, असं मला मनापासून वाटतं. हा खर्च इंधनाच्या खात्यात मांडला तर तोट्याचा दिसेल. तो आरोग्याच्या खात्यात मांडला पाहिजे.

तिसरी अडचण नावाच्या गैरवापराची. काही वर्षांपूर्वी गुजरात आणि महाराष्ट्रात 'बायोडिझेल' अशी पाटी लावून भलतीच पेट्रोलियम द्रव्यं विकणाऱ्या पंपांवर धाडी पडल्या. डिझेलपेक्षा स्वस्त म्हणून ट्रकवाले तिथे रांगा लावत होते. त्यात वनस्पतीचं काही नव्हतं, फक्त कर चुकवलेला होता. त्यामुळे हायवेवर डिझेलपेक्षा वीस रुपयांनी स्वस्त बायोडिझेल दिसलं तर शंका घ्यावी. खरं बायोडिझेल इतकं स्वस्त पडत नाही.

आणि आता एक नवा गिऱ्हाईक आला आहे: विमान. याच तेलावर हायड्रोजनची प्रक्रिया केली की विमानाला चालणारं इंधन बनतं. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ टक्के आणि २०३० मध्ये ५ टक्के असं इंधन मिसळण्याचं भारताचं उद्दिष्ट आहे. विमान कंपन्या ट्रकवाल्यापेक्षा जास्त भाव देऊ शकतात. बायोडिझेलच्या कारखान्यांना यामुळे कच्चा माल मिळणं आणखी कठीण होईल. मला त्याचं फार दुःख नाही. तेल ट्रकमध्ये जळलं काय आणि सांताक्रूझवरून उडणाऱ्या विमानात जळलं काय, ते कढईत परत गेलं नाही एवढं पुरे. उलट भाव चढला तर छोट्या गाडीपर्यंत टेम्पो पाठवणंही परवडू लागेल. फक्त भावाच्या लोभाने ताजं तेलच 'वापरलेलं' म्हणून विकलं जाऊ नये, यावर नजर हवी. युरोपात अशा संशयावरून चौकशा झाल्या आहेत.

घरातल्या तेलाचं काय करायचं?

चकल्या-करंज्या झाल्या की कढईत लिटरभर तेल उरतं. एकदाच तळलेलं, रंग न बदललेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला वापरायला हरकत नाही. त्यात पुन्हा तळू मात्र नये. काळसर झालेलं, फेस येणारं, वास बदललेलं तेल बाजूला ठेवायचं. पूर्ण थंड झाल्यावर गाळून कोरड्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरायचं. कॅन धुतला असेल तर आधी पूर्ण वाळवायचा, कारण पाणी गेलं की कारखान्यातलं काम वाढतं. त्यात गाडीचं इंजिन ऑइल किंवा रॉकेल चुकूनही मिसळायचं नाही. तेवढ्याने सगळा ड्रम बाद होतो.

एका घराच्या तेलासाठी कोणी येणार नाही. पण दोनशे घरांच्या सोसायटीत सुक्या कचऱ्याच्या डब्याशेजारी एक झाकणाचा ड्रम ठेवला तर दिवाळीनंतर तो भरेल. ड्रम भरला की अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिलेल्या अधिकृत संकलकांपैकी कोणाला तरी बोलवा आणि तेल कुठल्या कारखान्यात जाणार, याची पावती मागा. पावती देत नसेल तर ड्रम देऊ नका.